साहेबांनी शाबासकी दिली, पुढे काय?

प्रश्न : सर, मी मराठवाड्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. पाण्यातलं शिल्लक क्लोरीन मोजणारं एक यंत्र मी आणि माझ्या एम.टेक.च्या विद्यार्थ्याने तयार केलं आहे. गावच्या टाकीत बसवलं की मोबाइलवर आकडा येतो. त्यावर शोधनिबंधही छापून आला. गेल्या वर्षी जिल्हा परिषदेत सादरीकरण केलं. मुख्य कार्यकारी अधिकारी साहेबांनी खूप कौतुक केलं, ‘प्रस्ताव द्या, बघू’ म्हणाले. प्रस्ताव दिला, मग त्यांची बदली झाली. आता फाईल कुठे आहे ते कुणालाच सांगता येत नाही. दरम्यान पाणी शुद्धीकरणाची उपकरणं विकणारी एक खासगी कंपनी मागे लागली आहे, पण तिला सगळे हक्क हवेत. विद्यार्थी म्हणतो स्टार्टअप काढू, घरचे म्हणतात नोकरी सोडू नकोस. मला मनापासून हे गावांसाठी करायचं होतं. सरकारचा पाठपुरावा करत राहू, की कंपनीला देऊन मोकळी होऊ?

उत्तर : नमस्कार मॅडम,

आधी ती फाईल शोधणं थांबवा. ‘अभिप्रायार्थ’ असा शेरा घेऊन ती कुठल्या तरी टेबलावर पडली असेल आणि सापडली तरी तिच्यावर लिहिण्यासारखं कुणाकडे काही नाही. यंत्र कसं चालतं हे तुम्ही त्यात पानभर लिहिलं असेल. ते घ्यायचं कोणी, कोणत्या लेखाशीर्षातून (म्हणजे अंदाजपत्रकातल्या कोणत्या खर्चाच्या खात्यातून) आणि बंद पडलं तर फोन कुणाला लावायचा, हे मात्र नसणार. तुमचा प्रस्ताव मी पाहिलेला नाही, पण असे प्रस्ताव इतके वाचलेत की पैज लावायला तयार आहे. कौतुकाला लेखाशीर्ष लागत नाही, खरेदीला लागतं. घोडं पेंड खातं ते तिथे.

सरकार की कंपनी, हे नंतर बघू. त्याआधी एक काम करा. जवळच्या एखाद्या गावात सकाळी सहाला पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभ्या राहा. सादरीकरणाचा लॅपटॉप घरी ठेवा.

तिथे तुम्हाला जलसुरक्षक भेटेल. ग्रामपंचायतीच्या तुटपुंज्या मानधनावर पंप चालू करणं, व्हॉल्व्ह फिरवणं आणि पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकणं ही सगळी त्याचीच कामं. बादलीत पावडर कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी टाकीत ओतायची, ही रीत त्याला ठाऊक असते. पण किती टाकायची? ती अंदाजाने, ठरलेल्या डब्याने. पावडरचं पोतं पंपघराच्या ओलसर कोपऱ्यात, बहुधा उघड्या तोंडाचं. ताज्या ब्लीचिंग पावडरमध्ये साधारण ३३ टक्के उपलब्ध क्लोरीन असतं. हवा, ओल आणि ऊन लागलं की ते उडत जातं. म्हणजे जूनमध्ये एक डबा पुरत होता त्याच गावात ऑगस्टमध्ये त्याच डब्याने अर्धंसुद्धा काम होत नाही. मग ओटी टेस्ट, म्हणजे शिल्लक क्लोरीनची रंगावरून चाचणी. नळाचं पाणी नळीत घ्यायचं, थेंब टाकायचे आणि पिवळा रंग आला की झालं. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक शेवटच्या नळालाही लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक क्लोरीन मागतं. आणि टेस्ट होते ती बऱ्याचदा टाकीच्या सर्वांत जवळच्या नळाला. नोंदवही कधी त्याच वेळी भरली जाते, कधी आठवड्याची एकदम.

आता या टाकीत तुमचं यंत्र बसलंय असं धरा. आकडा आला ०.०५. तो गेला ग्रामसेवकाला (ग्रामपंचायत अधिकारी असं नवं नाव मिळालं तरी गावात अजून ग्रामसेवकच म्हणतात), तिथून गटविकास अधिकाऱ्यांना. फोन आला कुणाला? जलसुरक्षकाला. पावडर जुनी होती यात त्याचा दोष नाही, पण बोलणी त्यालाच. अशी दोनदा बोलणी खाल्ली की तिसऱ्या वेळी तुमच्या यंत्राची वायर उंदराने कुरतडलेली असते. त्या माणसाला मी दोष देणार नाही. तुम्ही त्याच्या टाकीत पहारेकरी बसवला आणि त्याच्या हातात काहीच दिलं नाही.

तुमच्या संशोधनाचा पुढचा टप्पा माझ्या मते इथे आहे, अचूकता आणखी वाढवण्यात नाही. यंत्राने जलसुरक्षकाला मराठीत सांगावं, ‘आज दीड डबा टाका.’ तो टाकेल, आकडा वर येईल आणि मगच तो वर कळवला जाईल. दुसरं म्हणजे, टाकीत पाणी किती आणि पावडर किती टाकली हे कळलं, तर क्लोरीन अपेक्षेइतकं का वाढलं नाही यावरून पावडरच मेलेली आहे हे यंत्राला सुचवता येईल. हे फार मोलाचं आहे. आज आरोग्य विभाग टीसीएलचे नमुने प्रयोगशाळेत पाठवतो आणि अहवाल येईपर्यंत पोतं संपत आलेलं असतं. तुमचं यंत्र तिथल्या तिथे ‘पोतं बदला’ म्हणू लागलं, तर जलसुरक्षक आपणहून त्याच्यावर प्लास्टिकचा कागद झाकेल.

टाकीपाशी अजून दोन गोष्टी दिसतील, त्या प्रयोगशाळेत दिसत नाहीत. एक, टाकी दिवसातला बराच वेळ रिकामी असते. वीज आली तर पंप, पंप चालला तर पाणी. पडदा असलेले क्लोरीनचे सेन्सर कोरडे पडले की बिघडतात किंवा चुकीचं वाचतात, त्यांना सतत ओल आणि एकसारखा प्रवाह लागतो. दोन, आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याचा सामू (पीएच) बऱ्याच ठिकाणी आठच्या आसपास असतो. तिथे क्लोरीनचं रूप बदलतं, जंतू मारणारा हायपोक्लोरस आम्लाचा भाग कमी होतो आणि सेन्सरचं वाचनही घसरतं. तुम्ही इलेक्ट्रॉनिक्सच्या आहात, महाविद्यालयातल्या रसायनशास्त्राच्या कुणाला तरी सोबत घ्या. हे आधीच केलं असेल तर उत्तमच.

गावात सेन्सर बसवणाऱ्या तुम्ही पहिल्या नाहीत, हेही माहीत असू द्या. जलजीवन मिशनने २०२० साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयासोबत गावच्या पाणीपुरवठ्यावर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेसाठी स्पर्धा घेतली होती. टाटा ट्रस्ट्सच्या सोबतीने महाराष्ट्रासह काही राज्यांतल्या गावांत प्रवाह, दाब, क्लोरीन मोजणारे सेन्सर बसवूनही पाहिले गेले. तिथे काम केलेल्या अभियंत्यांना गाठा. सेन्सर किती अचूक होता हे नका विचारू, वर्षभरानंतर तो पुसायला कोण येत होतं ते विचारा.

हे सगळं सांगताना मला आपल्याच मराठवाड्यातली एक गोष्ट आठवते. साठच्या दशकात दुष्काळी भागांत बोअर खणून हातपंप बसवायची मोहीम सुरू झाली. ते पंप बिडाचे होते, मूळ रचना परदेशातल्या शेतघरांसाठीची. एका कुटुंबाने दिवसातून काही वेळा हलवायचा पंप इथे अख्खं गाव दिवसभर हलवत होतं, त्यामुळे ते धडाधड बंद पडू लागले. जालन्यात चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनमधल्या लोकांनी मग पोलादी पंप घडवून पाहिला. सोलापुरात त्यात सुधारणा झाल्या. तो सोलापूर पंप पुढे धरून युनिसेफ, केंद्र सरकार आणि मद्रासची रिचर्डसन अँड क्रुडास यांनी सत्तरच्या दशकात ‘इंडिया मार्क टू’ उभा केला. गावाच्या वेशीवर आजही दिसतो तोच हा पंप. आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत तो गेला.

हा पंप टिकला तो नुसत्या चांगल्या रचनेवर नाही. त्याचं भारतीय मानक ठरलं, म्हणजे कोणत्याही कारखान्याचा सुटा भाग दुसऱ्याच्या पंपाला बसू लागला. रचना कुणा एकाच्या मुठीत ठेवली नाही, त्यामुळे अनेक कारखाने तो बनवू लागले आणि किंमत आटोक्यात राहिली. माल घेण्याआधी तपासणी होत असे. आणि देखभालीची तीन पायऱ्यांची व्यवस्था लावली गेली : गावात एक राखणदार, तालुक्याला मेकॅनिक, जिल्ह्याला गाडीसह पथक. तरीही अडलं कुठे? पंपाच्या पोटातला वॉशर बदलायचा तर अख्खे पाइप वर काढावे लागत आणि त्यासाठी जिल्ह्याच्या गाडीची वाट बघावी लागे. म्हणून पुढे मार्क थ्री आला. त्यात पाइप रुंद केला आणि पिस्टन तेवढा वर काढता येऊ लागला, तोही गावातल्या माणसांना. एवढ्या गाजलेल्या पंपाची सुधारणासुद्धा ‘दुरुस्ती कोण करणार’ याच प्रश्नाने केली.

तर तुमच्या यंत्राचा वॉशर कोणता, तो कोण बदलणार आणि किती रुपयांत? हे एका पानावर लिहून काढा. नवा प्रस्ताव त्या पानापासून सुरू करा.

आता तो द्यायचा कुणाला. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे पुन्हा जाऊ नका. नवे साहेबही कौतुक करतील आणि त्यांचीही बदली होईल. पावसाळ्यात गावात अतिसाराची लागण झाली की झोप उडते ती तालुका आरोग्य अधिकाऱ्याची आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याची. ओटी टेस्टचे अहवाल त्यांच्याकडे जातात. पाण्याच्या स्रोतांचं सर्वेक्षण वर्षातून दोनदा होतं आणि त्यावरून ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. लाल कार्ड मिळालेल्या गावाच्या सरपंचाला ते नको असतं, आरोग्य विभागालाही नको असतं. अडचण आहे, अडचण असलेला माणूस आहे आणि कारण दाखवायला कागदही आहे. तालुक्यातली लाल-पिवळी कार्डवाली दोन-तीन गावं आरोग्य अधिकाऱ्यांकडून मागून घ्या आणि तिथे जा.

पैसा ग्रामपंचायतीकडे आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातला ६० टक्के निधी बंधित, म्हणजे ठरवून दिलेल्या कामांसाठीच होता, त्यातला निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी. तो आयोग २०२५-२६ पर्यंतचा, त्यामुळे पुढची वाटणी कशी आहे ते गटविकास अधिकारी कार्यालयातल्या विस्तार अधिकाऱ्याला विचारून घ्या. पण नियम काहीही असो, जे काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात नाही त्यावर हा पैसा खर्च होत नाही. आराखड्याची तयारी दरवर्षी २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते. तुम्ही नोव्हेंबरनंतर ग्रामसेवकाकडे गेलात, तर तो चहा पाजेल आणि पुढच्या वर्षी या म्हणेल. ऑगस्टमध्ये गेलात तर ऐकेल.

पहिली चाचणी मात्र ग्रामपंचायतीच्या पैशाने करू नका. यंत्र पहिल्या पावसाळ्यात बिघडणारच आणि लेखापरीक्षणात सरपंच अडकेल. त्यासाठी वेगळे पैसे आहेत. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची निधी-प्रयास योजना नमुना यंत्र बनवण्यासाठी १० लाखांपर्यंत देते. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात व्हेंचर सेंटर आहे, तिथून ती राबवली जाते आणि क्लोरीनचं रसायन कळणारी माणसंही तिथे भेटतील. राज्यात शासनाची महाराष्ट्र राज्य नाविन्यता सोसायटी २०१८ पासून स्टार्टअप सप्ताह घेते. त्यात निवडलेल्या स्टार्टअपला शासकीय विभागात प्रयोग करून दाखवण्यासाठी कार्यादेश (वर्क ऑर्डर) मिळतो, सुरुवातीच्या वर्षांत तो १५ लाखांपर्यंतचा होता. पैशापेक्षा मला या कार्यादेशाचं मोल जास्त वाटतं, कारण विभागाला निविदा न काढता तुम्हाला काम देण्याचा रस्ता त्याने मिळतो. पण त्यासाठी कंपनी नोंदलेली हवी. म्हणजे तुमच्या विद्यार्थ्याचं म्हणणं तितकं पोरकट नाही.

नोकरी सोडू नका, घरच्यांचं बरोबर आहे. कंपनी विद्यार्थ्याने काढावी. महाविद्यालयाने तंत्रज्ञान वापरण्याचा परवाना त्या कंपनीला द्यावा, तुम्ही सल्लागार राहा आणि त्याची लेखी परवानगी प्राचार्यांकडून आजच मागा. तोंडी ‘हो हो, करा की’ चालणार नाही. यंत्र महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, महाविद्यालयाच्या पगारावर बनलं असेल, तर हक्क बहुधा महाविद्यालयाचे आहेत आणि ते विकायचा अधिकार तुम्हाला एकटीला नाही. खासगी कंपनीच्या साहेबांनी हे तुम्हाला सांगितलं नसेल, त्यांना ते नक्की माहीत आहे.

त्या कंपनीबद्दल. तिला हाकलू नका, उलट मला ती तुमच्यासाठी चांगली संधी वाटते. रुग्णालयं, जलतरण तलाव, खाद्यप्रक्रिया कारखाने, टँकरवर जगणाऱ्या पुण्या-ठाण्यातल्या सोसायट्या, या सगळ्यांना क्लोरीन मोजावं लागतं. त्यांच्याकडे वीज असते, नळाला पाणी असतं आणि यंत्र पुसायला माणूस असतो. त्यांची गरजही वेगळी आहे : तपासणी आली की दाखवायला तारीखवार नोंद हवी. हे तुमचं यंत्र आजच देऊ शकतं. शिवाय बिल महिना-दोन महिन्यांत निघतं. सरकारी बिलाच्या भरवशावर नव्या कंपनीने पहिलं वर्ष काढू नये, हे माझं मत मी कुणालाही सांगतो. लघुउद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत असा कायदा २००६ पासून आहे खरा, पण पहिल्याच गिऱ्हाइकावर त्या कायद्याची तक्रार कोण करतं?

हक्क मात्र सगळे द्यायचे नाहीत. उद्योग, रुग्णालयं आणि गृहनिर्माण संस्थांसाठी त्यांना एकट्यालाच परवाना हवा असेल तर द्या, ठरावीक वर्षांसाठी आणि दरवर्षी इतके नग विकलेच पाहिजेत या अटीवर. विकले नाहीत तर हक्क परत. ग्रामपंचायती आणि शासकीय पाणीपुरवठा योजना तुमच्याकडे राहतील, हे पहिल्या पानावर लिहून घ्या. ही अट ऐकल्यावर ते उठून गेले, तर त्यांना यंत्र विकायचं नव्हतं, बाजारातून काढून टाकायचं होतं असं समजा. तसंही घडतं.

शोधनिबंध छापून आलाय, म्हणजे त्यात जे उघड केलं त्यावर आता पेटंट मिळणं जवळपास संपलं. आपल्या कायद्यात अपवाद आहेत, पण मोजके. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, हातपंपावरही कुणी मक्तेदारी सांगितली नव्हती. पण डबा सांगणारी आणि पावडर ओळखणारी जी नवी पद्धत तुम्ही बसवाल, तिच्या पेटंटचा तात्पुरता अर्ज आधी करा. पूर्ण तपशील द्यायला त्यानंतर १२ महिने मिळतात आणि शैक्षणिक संस्थांना शुल्कात ८० टक्के सवलत आहे. अर्जाचा क्रमांक हातात आल्याशिवाय त्या पद्धतीबद्दल कंपनीशी, परिषदेत किंवा लिंक्डइनवर चकार शब्द काढू नका. शोधक म्हणून विद्यार्थ्याचं नावही अर्जात घाला.

दोन-तीन गावांत एक पावसाळा निघाला, की खरेदीची भाषा सुरू होईल आणि निविदा म्हटली की सर्वांत कमी दर. तुमच्या यंत्रासारखं दिसणारं, निम्म्या किमतीचं खेळणं घेऊन कुणीतरी येणारच. तांत्रिक निकष ठरवताना विभाग तुमचा सल्ला विचारेल, तेव्हा आपल्या यंत्राचं वर्णन उतरवून देऊ नका. त्याने वाद होतात आणि निविदा रद्द होते. कामगिरीचे निकष सुचवा : टाकी बारा तास कोरडी राहिल्यावरही वाचन अमुक मर्यादेत असावं, सामू साडेआठपर्यंत चालावं, तालुक्याच्या ठिकाणी दुरुस्तीचा माणूस असावा, तीन वर्षांची देखभाल दरातच धरलेली असावी. खेळणी आपोआप गळतील. तुमचंही यंत्र यात गळत असेल, तर ते आत्ताच कळलेलं बरं.

आणि एक फोन तुम्हाला येणार आहे, मार्चच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. ‘मॅडम, निधी परत जातोय, ३१ तारखेच्या आत २०० नग देता का?’ इतके महिने वाट पाहिल्यावर हा फोन फार गोड लागेल. विद्यार्थी नाचेल. अशी २०० यंत्रं घाईत जोडली जातात, पावती होते, बिल निघतं आणि जुलैत त्यातली निम्मी बंद पडलेली असतात. त्यानंतर त्या जिल्ह्यात क्लोरीनच्या यंत्राचं नाव काढलं तरी लोक हसतात. वीस नग देऊ म्हणा, बसवण्यासकट, आणि उरलेले पुढच्या वर्षाच्या आराखड्यात धरा म्हणून त्याच दिवशी पत्र द्या. पत्राची पोच घ्या, शिक्क्यासह.